व्यक्तिचित्रातील मृदू प्रभा

कॅमेऱ्याचे भिंग माणसाच्या मुद्रेकडे ज्या निर्विकार वृत्तीने पाहते, त्या वृत्तीने आपण आपल्या माणसाकडे कधीच पाहत नाही. समोर बसलेल्या आजीशी बोलताना तिच्या गालावरील सुरकुत्यांची मोजदाद कोणी करीत नाही. तिचे डोळे, ओठांची ठेवण आणि खिडकीतून येऊन तिच्या रुपेरी केसांत रेंगाळणारा उजेड एवढेच आपण मनात साठवतो, आणि बाकीचा तपशील डोळ्यांना दिसत असूनही मनापर्यंत पोचत नाही. भिंगाजवळ असला विवेक नसतो. त्वचेवरील रंध्रे, जुन्या देवीचे व्रण, रात्रीच्या जागरणाने आलेली डोळ्यांखालची काळिमा, या साऱ्यांची नोंद ते डोळ्यांतील भावाइतक्याच इमानाने करते. म्हणूनच व्यक्तिचित्राला किंचित स्वप्नवत मृदुता यावी, चेहऱ्यावरील उजळ भागांतून मंद प्रभा पाझरावी आणि तरीही माणूस तोच राहावा, ही आकांक्षा छायाचित्रणाच्या कलेत अगदी आरंभापासून आढळते.

आज संगणकावर, किंबहुना हातातल्या मोबाइलवरसुद्धा, हा परिणाम काही क्षणांत साधता येतो. आणि ज्या सुलभतेने तो साधतो त्याच सुलभतेने तो बिघडतोही. लग्नसमारंभाच्या अल्बमांत आणि स्थळासाठी पाठवल्या जाणाऱ्या फोटोंत मेणाच्या बाहुलीसारखे जे चेहरे दिसतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गैरसमज असतो: चित्र अस्पष्ट केले की ते मृदू होते. वस्तुतः मृदू प्रभा ही स्पष्ट चित्रात केलेली प्रकाशाची भर असते, आणि त्या भरीखाली मूळ चेहरा शाबूत राहिला तरच तिला अर्थ असतो. हे तत्त्व केवळ रुचीचे नाही. भिंगांच्या रचनेतून, डार्करूममधील अनुभवातून आणि संगणकाच्या गणितातूनही तेच निष्पन्न होते, म्हणून त्याचा माग थोडा मागून काढणे इष्ट ठरेल.

या परंपरेच्या आरंभी जे नाव घ्यावे लागते ते ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचे. त्यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला, आणि त्यांचे पती चार्ल्स हे कंपनी सरकारच्या ज्या विधी आयोगाने मेकॉले यांच्या नेतृत्वाखाली भारतीय दंडविधानाचा मसुदा सिद्ध केला त्या आयोगाचे सभासद होते. इंग्लंडला परतल्यावर, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ च्या डिसेंबरात मुलीने आणि जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला, आणि मुलाबाळांच्या संसारातून मोकळ्या होऊ लागलेल्या या बाईंनी आइल ऑफ वाइट बेटावरील आपल्या घराच्या आवारातच चित्रशाळा थाटली. ओल्या कोलोडियनच्या काचा, कित्येक मिनिटे चालणारे उद्भासन (एक्स्पोजर) आणि तेवढा वेळ श्वासोच्छ्वास सांभाळीत बसलेली माणसे, अशा त्या काळच्या सामग्रीवर त्यांनी जी व्यक्तिचित्रे घेतली, त्यांत कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि चेहरा अंधारातून हळूहळू वर आल्यासारखा वाटतो. लंडनच्या छायाचित्रकारांच्या मंडळातील जाणत्यांनी या चित्रांना सदोष ठरवले. बाईंचे म्हणणे असे होते की, भिंग जुळवता जुळवता जेथे चित्र सुंदर दिसले तेथेच त्या थांबत. अधिक रेखीवपणाच्या मागे लागत नसत.

त्यांनी १८६७ साली घेतलेले ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांचे व्यक्तिचित्र या दृष्टीने मननीय आहे. हर्शेल हे स्वतः या विद्येच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. ज्या ‘हायपो’च्या द्रावणाने चित्र काचेवर कायम होते, त्याचा गुण त्यांनीच प्रथम ओळखला होता. असे सांगतात की, चित्र घेण्यापूर्वी बाईंनी या वृद्ध शास्त्रज्ञाला केस धुवायला लावले, जेणेकरून ते मोकळे होऊन प्रकाश झेलतील. परिणाम असा झाला की चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या केसांचे वलय उजळून निघाले आहे, आणि त्या वलयाखालच्या थकलेल्या, विचारमग्न डोळ्यांवरून आपली दृष्टी हलत नाही. सुरकुती एकही लपलेली नाही, आणि तरीही चित्र कठोर नाही.

ही मृदुता भिंगात येते कोठून, हे समजून घेण्यास भौतिकशास्त्राचे फारसे ज्ञान लागत नाही. साध्या बहिर्गोल भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण आणि त्याच्या कडेजवळून जाणारे किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. कडेचे किरण थोडे अलीकडे एकत्र येतात. या दोषाला गोलीय विपथन असे नाव आहे, आणि तो नाहीसा करण्यासाठी भिंगे घडवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खटपट केली. परंतु हाच दोष मर्यादित प्रमाणात राहू दिला तर मध्यातील किरण फिल्मवर एक रेखीव चित्र उमटवतात आणि कडेचे किरण त्याच चित्राभोवती प्रकाशाचा एक पातळ पडदा पसरतात. म्हणजे एकाच उद्भासनात एकमेकांवर पडलेली दोन चित्रे मिळतात, एक स्पष्ट आणि एक विरलेले. डोळ्याला पहिल्यामुळे माणूस ओळखू येतो आणि दुसऱ्यामुळे त्याच्यावर प्रभा दिसते. चित्र नुसते फोकसबाहेर गेले तर पहिले चित्रच नष्ट होते, आणि मग उरतो तो केवळ गोंधळ.

हे मर्म ओळखून काही भिंगे मुद्दाम सदोष घडवण्यात आली. ऑस्ट्रियातील छायाचित्रकार हाइनरिख क्यून यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेले आणि रोडेनश्टॉक कंपनीने बाजारात आणलेले इमागॉन हे भिंग त्यांपैकी प्रसिद्ध होय. त्याच्याबरोबर चाळणीसारखी छिद्रे असलेल्या चकत्या मिळत, आणि त्या चकत्यांच्या साहाय्याने कडेच्या किरणांचे प्रमाण कमीजास्त करून प्रभेची मात्रा ठरवता येई. लाइका कंपनीने १९३५ च्या सुमारास काढलेल्या थांबार नामक ९० मिलिमीटरच्या भिंगाबरोबर तर मधोमध चांदीसारखा ठिपका असलेली एक काच येत असे. हा ठिपका मध्यातील किरणांनाच अडवी, म्हणून कडेच्या किरणांचा अंमल वाढून प्रभा अधिक दाट होई. उलट, भिंगाचे छिद्र लहान केले की कडेचे किरण बंद होत आणि तेच भिंग इतर भिंगांप्रमाणे रेखीव चित्र देई. मृदुतेची मात्रा छायाचित्रकाराच्या हाती असली पाहिजे, ही जाण या साऱ्या रचनेत स्पष्ट दिसते.

ज्यांना असली मातब्बर भिंगे परवडत नसत त्यांनी स्वस्त उपाय शोधले. भिंगापुढे रेशमी मोज्याचे तलम कापड ताणून बसवणे, साध्या काचेवर व्हॅसलिनचा पुसट हात फिरवून मधला भाग स्वच्छ ठेवणे, किंवा भिंगावर श्वास सोडून ती वाफ विरता विरता चित्र घेणे, अशा युक्त्या जगभरच्या चित्रशाळांत चालत. चित्रपटसृष्टीने त्यांचा फार मोठा उपयोग केला. दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्या १९१९ सालच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ या चित्रपटात अभिनेत्री लिलियन गिश यांचे जे मृदू समीपचित्रण दिसते, त्यासाठी हेन्ड्रिक सार्टोव्ह या छायाचित्रकाराला खास नेमले होते. आपल्याकडे मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज उभी राहिली तेव्हा तिचे छायालेखन म्युनिकहून आलेल्या योझेफ विर्शिंग यांच्याकडे होते. देविकाराणींच्या मुद्रेवर त्यांनी पाडलेला प्रकाश आणि पुढे १९४९ च्या ‘महल’मध्ये त्यांनी उभे केलेले स्वप्नसदृश वातावरण ज्यांनी पडद्यावर पाहिले आहे, त्यांना या प्रभेचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे डार्करूममधील एका अनुभवाची नोंद केली पाहिजे, कारण संगणकावर काम करणाऱ्यालाही ती मार्गदर्शक आहे. तलम कापड कॅमेऱ्याच्या भिंगापुढे धरले तर उजेड अंधारात पाझरतो: केसांची चमक, गालावरील तेज, दागिन्यांची झळाळी सभोवतालच्या छायेत पसरते आणि चित्र उजळते. तेच कापड एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर चित्र उतरवताना धरले, तर परिणाम नेमका उलटा होतो. निगेटिव्हमध्ये काळे ते पांढरे असल्यामुळे येथे छायाच उजेडात पाझरते, आणि प्रभेच्या ऐवजी चित्रावर एक उदास काजळी चढते. साधन एकच, परंतु कोणी कोणात पसरायचे याचा निकाल बदलला की चित्राचा स्वभावच बदलतो. प्रसन्न प्रभेसाठी पसरायचे ते उजेडानेच.

या मृदुतेविरुद्ध बंडही झाले, आणि त्या बंडाची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, अॅन्सेल अॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात ‘एफ ६४’ या नावाचा गट स्थापन केला. भिंगाच्या अतिसूक्ष्म छिद्राचा निर्देश करणारे हे नावच त्यांची भूमिका सांगणारे होते: छायाचित्राने चित्रकलेची नक्कल करू नये आणि वस्तू जशी आहे तशी अखेरच्या रेषेपर्यंत दाखवावी. मृदुतेच्या नावाखाली त्या काळी जो भाबडेपणा आणि जी हातचलाखी बोकाळली होती, तिच्यावरचा त्यांचा आक्षेप रास्त होता. परंतु मृदू प्रभेखाली जेथे वस्तू शाबूत असते, तेथे तो आक्षेप लागू पडत नाही. हर्शेल यांचे चित्र त्याचा उत्तम दाखला होय.

रंगीत फिल्मच्या काळात हे तत्त्व पुन्हा नव्याने प्रकट झाले. कॅनडातील छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी १९८० च्या दशकात एकाच दृश्याच्या दोन पारदर्शिका (स्लाइड) एकीवर एक ठेवण्याची पद्धत रूढ केली. एक पारदर्शिका रेखीव आणि दुसरी फोकसबाहेरची. दोन्ही नेहमीपेक्षा अधिक उद्भासित, कारण दोन फिल्म एकत्र ठेवल्या की त्यांची गडदता एकमेकींत मिळते आणि हा हिशेब आधी धरला नाही तर चित्र काळवंडते. गोलीय विपथन जे एका भिंगात करीत होते, तेच ऑर्टन यांनी दोन फिल्मांत करून दाखवले. आज संगणकावर जे केले जाते ते याच पद्धतीचे रूपांतर आहे. फोटोशॉपमध्ये १९९४ साली लेयरची, म्हणजे स्वतंत्र थरांची सोय आली आणि दोन चित्रे एकमेकांवर ठेवणे कोणालाही शक्य झाले. विनामूल्य मिळणाऱ्या गिंप या प्रणालीतही तीच सोय आहे, आणि सॉफ्टग्लो नावाचे एक तयार साधनही आहे.

प्रत्यक्ष कृती अशी. प्रथम चित्राची प्रकाशयोजना, रंग आणि काटछाट यांचे काम पुरते उरकावे. मग मूळ थराची एक प्रत करून तिच्यावर गॉशियन ब्लर द्यावा. किती द्यावा, याचा एकच आकडा सर्व चित्रांना चालत नाही, कारण तो चित्राच्या आकारावर अवलंबून असतो. चित्राच्या लांब बाजूच्या अर्ध्या ते एक टक्क्याइतकी त्रिज्या हे आरंभासाठी बरे प्रमाण होय. म्हणजे ६००० पिक्सेल लांबीच्या चित्राला ३० ते ६० पिक्सेल, आणि १५०० पिक्सेलच्या लहान चित्राला ८ ते १५. ही विरलेली प्रत मूळ चित्रावर स्क्रीन या पद्धतीने मिसळावी आणि तिची ओपॅसिटी २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान आणावी. काम १६ बिटमध्ये केले तर गालावरच्या मंद छटांत पायऱ्या पडण्याची भीती कमी राहते. स्क्रीनऐवजी सॉफ्ट लाइट ही पद्धत योजिली तर उजळ भाग अधिक उजळ आणि गडद भाग अधिक गडद होतो. ज्या चित्रात मुळात छायाप्रकाशाचा भेद कमी आहे, तेथे ती अधिक शोभते.

स्क्रीन पद्धतीचे गणित मात्र समजून घेतलेच पाहिजे, कारण चेहऱ्याचे बरेवाईट त्यावर अवलंबून आहे. पूर्ण काळ्याला ० आणि पूर्ण पांढऱ्याला १ मानले, तर ही पद्धत दोन्ही थरांतील उणीव, म्हणजे १ मधून वजा केलेली संख्या, परस्परांनी गुणते आणि तो गुणाकार पुन्हा १ मधून वजा करते. एखादा भाग ०.१ इतका गडद असेल तर तो स्वतःशीच मिसळून ०.१९ होतो, ०.९ इतका उजळ असेल तर ०.९९ होतो, परंतु ०.५ चा मधला भाग एकदम ०.७५ वर जातो. सर्वांत मोठी भर मधल्या छटांत पडते. आता आपल्याकडील गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेची जागा बहुतांशी याच मधल्या छटांत असते. सबब ही कृती डोळे मिटून केली की प्रभा केसांत आणि कपाळावर दिसण्याऐवजी सगळा चेहराच गोरा होऊन बसतो, आणि तो तसा होणे हेच यश आहे अशी करणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची समजूत होते.

यावरील उपाय साधा आहे. विरलेली प्रत मिसळण्यापूर्वी तिच्यातील गडद आणि मधल्या छटा लेव्हल्सच्या साहाय्याने काळ्यापर्यंत खाली दाबाव्यात, म्हणजे तीत फक्त उजळ भाग शिल्लक राहतील. स्क्रीन पद्धतीत काळ्याने काहीच भर पडत नाही. त्यामुळे त्वचेचा मूळ वर्ण जसाच्या तसा राहतो आणि नथीच्या मोत्यांवरची, साडीच्या जरीवरची, केसांच्या कडेवरची आणि गालाच्या उंचवट्यावरची चमक तेवढी पसरते. त्यानंतर मास्क घेऊन डोळे, भुवया, पापण्या आणि ओठांची रेषा यांवरून विरलेला थर हलक्या हाताने दूर करावा, कारण माणसाची ओळख याच रेषांत सामावलेली असते. अखेरीस कर्व्ह्‌जने गडद भागांना त्यांचे वजन परत द्यावे, म्हणजे चित्रावर दुधाळ पडदा राहत नाही. मूळ थराला हात लावू नये. कापडाच्या आड चेहरा असतो तसा तो खाली शाबूत राहिला पाहिजे.

ही सारी तजवीज करूनही काही चित्रांवर प्रभा चढत नाही, आणि त्याचे कारण संगणकात नसून मूळ चित्रात असते. सावंतवाडीत जन्मलेले थोर चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात रंगवलेले ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. हातात दिवा घेतलेली ही तरुणी चितारताना त्यांच्या कन्येने त्यांच्यासमोर उभे राहण्याचे काम केले होते. ज्योतीपुढे तिने हात आडवा धरला आहे. त्यामुळे बोटांच्या कडा आतून लालसर झाल्या आहेत आणि प्रकाश चेहऱ्याच्या एकाच बाजूवर पडून उरलेली आकृती छायेत राहिली आहे. तेथील तेज एवढे जिवंत वाटते ते चित्रकाराने अंधाराला पुरेशी जागा दिली म्हणून. छायाचित्रकारानेही हेच धडे घ्यावेत. माणसाला खिडकीशेजारी किंवा सायंकाळच्या उतरत्या उन्हाकडे पाठ करून बसवावे, पार्श्वभूमी गडद ठेवावी, केसांच्या कडेवर थोडा उजेड येऊ द्यावा. समोरून फ्लॅश मारलेल्या सपाट चित्रात पाझरण्याजोगा उजेडच नसतो; तेथे कितीही थर चढवले तरी धुके तेवढे वाढते.

या कलेचा विचार तिच्या सामाजिक परिणामांवाचून पुरा होत नाही. पूर्वी गावोगावच्या स्टुडिओत निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून सुरकुत्या भरून काढण्याचे कसब होते. ते कष्टाचे असल्यामुळे त्याला आपोआप मर्यादा पडे. आज मोबाइलमधील कॅमेरे अनेकदा मालकाला न विचारताच त्वचा गुळगुळीत करतात. विवाहाच्या वाटाघाटींत ज्या समाजात अजूनही वर्णाची विचारपूस होते, त्या समाजात मुलीच्या फोटोवर फासलेला हा खोटा गोरेपणा निरुपद्रवी मानता येत नाही. तो त्या मुलीला सांगतो की तू आहेस तशी पुरेशी नाहीस, आणि हे सांगणारा हात बहुधा तिच्याच घरातला असतो. मृदू प्रभेचे सामर्थ्य नेमके याच्या विरुद्ध दिशेने वापरता येते. सावळ्या गालावर संध्याकाळचा उजेड किती श्रीमंत दिसतो, वृद्ध कपाळावरच्या रेषांतून तो कसा झिरपतो, हे दाखवण्याइतके उत्तम साधन छायाचित्रकाराजवळ दुसरे नाही. आणि ते हाती असताना चेहरा पुसून टाकण्यासाठी ते वापरणे हा त्या साधनाचाही अपमान आहे.

काम पुरे झाले की स्वतःच त्याची परीक्षा घ्यावी. विरलेला थर एकदा झाकावा आणि एकदा दाखवावा. उजेड वाढल्याचे जाणवले तर मात्रा योग्य आहे. माणूस बदलल्याचे जाणवले तर ती निम्मी करावी, आणि पुन्हा तेच जाणवले तर आणखी निम्मी. मग ते चित्र अशा माणसाला दाखवावे जो चित्रातील व्यक्तीला रोज पाहतो, आणि तिच्या मुद्रेविषयी तो काय बोलतो ते ऐकावे. त्याने आधी तुमच्या कौशल्याचीच वाखाणणी केली, तर कामात अजून दुरुस्ती हवी असे खुशाल समजावे.